दोर आणि ओगराळे

पुष्कळ काळामागची गोष्ट आहे. किती काळ झाला ते विचारू नका, तेव्हाचे मोजायला आता कोणी उरलेले नाही. एका डोंगरी राज्यात एक चित्तेवान राहत होता. चित्तेवान म्हणजे रानातला चित्ता जिवंत धरून त्याला राजाच्या शिकारीसाठी तयार करणारा माणूस.

या चित्तेवानाला जगात दोनच गोष्टी प्रिय होत्या. एक त्याची विद्या आणि दुसरी त्याची लेक. बायको बाळंतपणातच गेली होती, म्हणून लेकीला त्याने एकट्याने वाढवले होते. लेक चांगली हाताशी आली होती, पण लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "मग आबांना भाकरी कोण थापून देईल?" चित्तेवान वरवर रागवायचा आणि मनातून सुखावायचा. बापांचे असेच असते.

आता त्याची विद्या कशी होती ते ऐका. चित्त्याने काळविटाचे नरडे एकदा धरले की तो सोडत नाही. काठीने मारा, शेपूट ओढा, उलट तो अधिकच घट्ट धरतो. चित्तेवान मारीत नसे. तो हातात एक लाकडी ओगराळे, म्हणजे वाढायचा खोलगट डाव, घेऊन हळूच जवळ जाई, शिकारीचे गरम रक्त त्यात धरी आणि जिभेने टॉक असा आवाज काढून ओगराळे चित्त्याच्या नाकापुढे नेई. चित्ता अख्खे काळवीट सोडून ओगराळे चाटू लागे. तेवढ्यात चित्तेवान त्याच्या डोळ्यांवर चामड्याचे टोपरे चढवी, की झाले काम.

एकदा राजाने हे जवळून पाहिले. राजा शिकारीचा शौकीन होता आणि रागाचा त्याहून. त्याने ओगराळ्यात डोकावून पाहिले. मग म्हणाला, "एवढं मोठं जनावर, आणि ओगराळ्याएवढ्या रक्तासाठी सगळी शिकार सोडतं?"

"सोडतं महाराज. पुढंपुढं तर नुसता आवाज ऐकून सोडतं. ओगराळं रिकामं असलं तरी."

"माणूस सोडेल?"

चित्तेवान हसला. "माणूस तर अजून लवकर शिकतो, महाराज."

हे वाक्य तो बोलला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि बरे झाले असते.

राजाला हे का विचारावेसे वाटले, तेही सांगतो. त्या राज्यात मोठ्या गुन्ह्याला कडेलोटाची शिक्षा होती. पण राजाच्या पणजोबाने एक रीत घालून दिली होती. गुन्हेगाराच्या कमरेला शंभर हात लांब दोर बांधायचा आणि त्याचे दुसरे टोक लोकांसाठी मोकळे सोडायचे. ज्याला वाटेल त्याने यावे आणि दोर धरावा. दोर कोणा एकाच्याही हातात असेपर्यंत गुन्हेगाराला ढकलायचे नाही. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत दोर हातातून सुटला नाही, तर राजाने त्या माणसाचा न्याय पुन्हा करायचा, तोही लोकांसमोर.

या राजाला ही रीत सलत होती. तो रागाच्या भरात शिक्षा सांगे आणि सकाळी पाहावे तर कड्यावर साठ-सत्तर माणसे दोर धरून उभी. मग न्याय पुन्हा करावा लागे आणि पुन्हा केला की माणूस निर्दोष सुटे. चारचौघांत राजाचे तोंड एवढेसे होई. रीत मोडावी तर पणजोबाचे नाव आड येई.

"लोकांनी आपणहून दोर सोडला पाहिजे," राजा चित्तेवानाला म्हणाला. "मी सोडायला लावला असं कुणी म्हणता कामा नये."

चित्तेवान दुष्ट नव्हता. कोणाचा जीव जावा असे त्याच्या मनातही नव्हते. त्याला फक्त आपली विद्या माणसावर चालते का, ते पाहायचे होते. अशी माणसे दुष्टांपेक्षा जास्त कामाची असतात आणि राजे त्यांना बरोबर हुडकून काढतात.

पुढच्या वेळी लोक दोर धरून उभे राहिले, तेव्हा दुपारी कड्यावर एक नगारा वाजला. मोठे पातेले आले. राजवाड्यातली तुपाची, गुळाची लापशी होती. वाढपी म्हणाला, "महाराजांना तुमची दया आली. उपाशी कशाला उभे राहता?"

आता त्या राज्यात राजाकडचे अन्न एका हाताने घेत नसत. दोन्ही हातांची ओंजळ करावी लागे, नाहीतर तो अपमान धरला जाई. लोक बिचकले. एकमेकांकडे पाहू लागले. चित्तेवान मुद्दामच दोर धरून रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा होता. बुजऱ्या जनावराला आधी दुसरे जनावर खाताना दाखवावे लागते, हे त्याला ठाऊक होते. त्याने दोर सोडला, ओंजळ पुढे केली, लापशी खाल्ली, हात पुसले आणि दोर पुन्हा धरला. गुन्हेगाराला कोणी ढकलले नाही. मग बाकीच्यांनीही खाल्ले, निम्म्यांनी आधी, निम्म्यांनी नंतर. संध्याकाळी तो गुन्हेगार सुटला आणि लोक राजाचे गुण गात घरी गेले.

राजा चिडला. "माणसं तर सुटतच आहेत."

"सुटू द्या महाराज. वर्षभर कोणाला ढकलू नका. घाई केली की शिकवलेलं बिघडतं."

पुढे पुढे वाढपी रांगेतून एकदाच फिरू लागला. नगारा वाजताक्षणी ज्याची ओंजळ तयार त्याला लापशी, जो मागे राहिला तो राहिला. मग कोण मागे राहतो? नगाऱ्याची पहिली टिपरी पडली की चित्तेवानाचे हात वर येत आणि त्याचे पाहून साऱ्या रांगेचे. क्षणभर दोर जमिनीवर पडे आणि मग पुन्हा उचलला जाई. क्षणभराने काय होते, असे लोक म्हणत. खरोखरच काही होत नव्हते.

त्यानंतर चित्तेवानाने लापशी अनिश्चित केली. कधी पातेले येई, कधी नुसता नगारा वाजून थांबे. तो राजाला म्हणाला, "रोज मिळालं की जनावर एक दिवस न मिळाल्यावर रुसतं आणि नाद सोडतं. कधी मिळतं, कधी नाही, असं ठेवलं की जन्मभर वाट बघतं."

दोन वर्षे अशी गेली. चित्तेवान प्रत्येक वेळी रांगेत पहिला उभा राहिला आणि प्रत्येक वेळी त्यानेच पहिली ओंजळ केली.

मग एक कुंभार धरला गेला. राजाच्या घोड्यांनी त्याची वाळत घातलेली मडकी तुडवली होती आणि तो भर रस्त्यात त्याबद्दल बोलला होता. एवढाच त्याचा गुन्हा. साठ माणसे दोर धरायला आली. ती मनापासून आली होती, यात शंका धरू नका. त्यांच्या घरचे पाणी त्या कुंभाराच्याच रांजणात होते.

दुपारी नगारा वाजला. साठही ओंजळी वर आल्या. पातेले नव्हते, वाढपी नव्हता. कोतवालाने कुंभाराच्या पाठीला हात लावला आणि दोर लोकांच्या पायांपुढून सरसर निघून गेला.

लोक ओंजळी तशाच धरून उभे होते. मग एकेकाने हात खाली घेतले. "मला वाटलं, बाकीच्यांनी धरलाय," जो तो म्हणाला. आणि खरेच, जो तो तसेच समजत होता. कोतवालाने दवंडी दिली की दोर लोकांनीच सोडला, राजाचा यात दोष नाही. ती दवंडीही शब्दशः खरी होती.

राजाने चित्तेवानाला शेला दिला. तो शेला घेऊन घरी आला तर लेक चुलीपुढे बसली होती आणि चूल विझलेली होती.

"आबा, कुंभारकाकाला कुणी मारलं?" तिने विचारले.

"कोतवालानं ढकललं. मी नाही."

"दोर कुणी सोडला?"

"लोकांनी. मी त्यांच्या हाताला हातसुद्धा लावला नाही, पोरी."

"तेच म्हणतेय मी," लेक म्हणाली. "हात धरून सोडवला असता तर त्यांना कळलं तरी असतं. तुम्ही त्यांचे हात त्यांच्याच अंगावर ठेवून चोरून नेलेत."

चित्तेवानाने शेला खुंटीला अडकवला. त्याला वाईट वाटले नाही असे नाही. पण विद्या इतकी सरळ लागू पडली याचा आनंद त्या वाईट वाटण्याच्या खाली दडून बसला होता आणि लेकीला तो दिसला. त्या दिवशी तिने त्याला भाकरी वाढली, पण त्याच्यासमोर बसून जेवली नाही.

महिन्याभरात मीठ वाहणारी एक बाई धरली गेली. तिच्या बैलांनी राजाची पालखी अडवली होती. लेक कड्यावर गेली. तिने आपल्या पदराचा काठ फाडला आणि स्वतःची दोन्ही मनगटे दोराला गच्च बांधून घेतली, दातांनी गाठ मारली. नगारा वाजला, सगळ्यांचे हात सुटले. तीही पूर्वी या रांगेत उभी राहिली होती, म्हणून हिचेही हात वर यायला धडपडले, इतके की काठ मनगटात रुतून रक्त आले. पण गाठ सुटली नाही. सूर्य मावळेपर्यंत ती एकटी दोराला बांधलेली उभी राहिली. रीतीप्रमाणे न्याय पुन्हा झाला आणि मीठवाली बैल हाकत आपल्या वाटेने गेली.

राजाने दुसऱ्याच दिवशी लेकीला धरले. नगारा वाजूनही तिने राजाच्या अन्नासाठी हात पुढे केले नाहीत, हा राजाचा अपमान होता. शिक्षा कडेलोटाची. आणि नवा हुकूम निघाला की दोराला हात बांधायचे नाहीत, नुसते धरायचे.

चित्तेवान धावत राजाकडे गेला. त्याने शेला पायांशी ठेवला, डोके टेकले, रडला.

राजा शांतपणे म्हणाला, "रडतोस कशाला? पणजोबांची रीत आहे ना. दोर धर. लोकांनाही धरायला सांग. तूच त्यांना सोडायला शिकवलंस, आता धरायला शिकव. तीन दिवस आहेत."

चित्तेवानाने गाव खळ्यावर गोळा केले. कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, लेकीसाठी सगळे आले. त्याने एक लांब दोर त्यांच्या हातात दिला, समोर नगारा मांडला आणि सांगितले, "मी वाजवीन. तुम्ही सोडायचा नाही. बाकी काही नाही."

त्याने टिपरी मारली. सगळ्यांचे हात वर. लोक स्वतःच्या हातांकडे पाहून ओशाळले. दुसऱ्या दिवशी त्याने शंभरदा वाजवले. निम्म्यांनी धरून ठेवला, निम्म्यांच्या हातून सुटला. एक धट्टाकट्टा लोहार तर रडू लागला. "मी ठरवतो रे, पण हात माझं ऐकतच न्हाईत," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी सुईण पुढे आली. "कानात कापूस घाला समदी," ती म्हणाली. "ऐकूच आलं न्हाई तर हात कशाला उठतील?"

सगळ्यांनी कानांत कापसाचे बोळे कोंबले, वरून मेण लावले. चित्तेवानाने नगारा वाजवला, पुन्हा वाजवला, हात दुखेपर्यंत वाजवला. एकाही माणसाने दोर सोडला नाही. लोक हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा चित्तेवानालाही हसू आले.

सुईणीने एक बोळा त्याच्यापुढे धरला. "तूबी घाल."

"मला कशाला?" तो म्हणाला. "नगाऱ्याची युक्ती माझीच आहे. तिची गाठ कुठं आहे, ती कशी बसते, सगळं मला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर ती चालत नाही."

आणि सुईणीलाही ते पटले. तुम्हालाही पटले असते. पण तीन दिवस तो नगाऱ्यामागे उभा होता, त्याच्या हातांत टिपऱ्या होत्या. दोर धरून नगारा ऐकण्याची पाळी त्या तीन दिवसांत त्याच्यावर एकदाही आली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी लेकीला कड्यावर उभे केले. तिने बापाकडे पाहिले. त्याने मान हलवली, म्हणजे घाबरू नकोस. तो रांगेत सगळ्यांच्या पुढे, नेहमीच्या जागी उभा राहिला, कारण तिथून लेक सर्वांत जवळ होती. त्याच्यामागे सत्तर माणसे होती. सगळ्यांनी दोर हाताला वेढून न घेता, हुकुमाप्रमाणे नुसता मुठीत धरला होता.

ऊन चढले. दुपार झाली. नगारा वाजला नाही. लोकांची तोंडे सुकली. दिवस कलला. सूर्य पश्चिमेच्या डोंगरावर हातभर उरला, तेव्हा चित्तेवानाला वाटले की राजाला दया आली असावी. तो लेकीकडे पाहून काहीतरी बोलायला गेला. भाकरीबद्दलच काहीतरी असावे, आज मी थापीन असे.

आणि नगारा वाजला.

मागच्या सत्तर जणांनी तो ऐकला नाही. त्यांच्या कानांत कापूस होता. पण डोळ्यांत काही नव्हते. दोन वर्षे ती माणसे नगाऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकली होती, आणि ती शिकवणाऱ्यानेच शिकवली होती: पुढच्या माणसाचे हात वर आले की आपले आणायचे.

चित्तेवानाला काही कळलेच नाही. त्याला आपल्यासमोर दोन हात दिसले, ओंजळ केलेले, आणि हे कोणाचे असे त्याच्या मनात आले. मग हातांवरचे चित्त्याच्या नखांचे जुने वण त्याने ओळखले.

"आबा, हात," लेक म्हणाली.

त्याने हात खाली ओढले, दोरासाठी वाकला, तोवर मागे सत्तर ओंजळी उभ्या राहिल्या होत्या आणि दोर त्याच्या बोटांपुढून जात होता. त्याने झडप घातली. मूठ मिटली तेव्हा तिच्यात माती होती.

लोक कानांतले बोळे काढू लागले आणि काय झाले ते एकमेकांना विचारू लागले. वाढपी मात्र त्या दिवशी पातेले घेऊन आला होता. त्याला वाढण्याचा हुकूम होता, आणखी काही माहीत नव्हते. त्याने गुडघ्यांवर बसलेल्या चित्तेवानाचे हात हळूच वर उचलले, जुळवले आणि रीतीप्रमाणे ओगराळेभर लापशी त्यांत घातली.

पुढे त्या राज्यात दोर बांधण्याची रीत कोणी मोडली नाही. ती चालूच राहिली, पण दोर धरायला कोणी येईनासे झाले. आपल्या हातांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता. राजाने नगारा फुटला तरी नवा मढवून घेतला नाही, त्याची गरजच राहिली नव्हती.

चित्तेवान पुष्कळ वर्षे जगला. ज्यांना मरणाची घाई असते त्यांना ते लवकर येत नाही. त्याच्या दारावरून एखादी वरात गेली, ताशा कडाडला, की म्हाताऱ्याचे दोन्ही हात आपोआप वर येत आणि ओंजळ होई. मग तो ती ओंजळ पाहत बसे. शेजारची मुले त्याला भिकारी समजून तिच्यात कधी चिंच, कधी चिरमुरे टाकत, आणि तो ते खात असे, कारण हातांत पडलेले खायचे हेही त्याला शिकवून झालेले होते.

तात्पर्य: जो दुसऱ्यांचे हात सवयीने बांधतो, त्याचे स्वतःचे हातही त्याच सवयीत अडकतात, आणि सवयीला आपले-परके ओळखता येत नाही.